तोल कशासाठी?

जीवन समतोल असावे, हे वचन अलीकडे इतके सर्वमान्य झाले आहे की, त्याविषयी शंका काढणाराच काहीसा तोल सुटलेला मानला जावा. मुलांच्या अभ्यासाचे वेळापत्रक, मिळवत्या माणसाची कचेरी, गृहिणीची दगदग, निवृत्त वडीलधाऱ्यांचा रिकामा वेळ, ह्या सर्वांवर एकच औषध सांगण्यात येते : सर्व काही थोडे थोडे आणि प्रमाणात. काम असावे, पण कुटुंबाकडे दुर्लक्ष नसावे. छंद असावा, पण त्याचे वेड लागू नये. समाजकार्य करावे, पण प्रकृती सांभाळून. ह्यांपैकी एकाही वाक्यास नाव ठेवण्याजोगे काही नाही. तरीही चोवीस तासांचे काळजीपूर्वक वाटे करणाऱ्या कित्येकांस रात्री अंथरुणावर पडल्यावर असे वाटते की, ज्याचा त्याला वाटा पोहोचला, पण मन कशातच पुरते रमले नाही. ही हुरहूर प्रयत्न कमी पडल्याची, की मुळात ध्येयच अपुरे असल्याची, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

समतोलाच्या आजच्या कल्पनेची जन्मकथा प्रथम पाहिली पाहिजे. दिवसाचे आठ-आठ तासांचे तीन भाग करावेत, एक कामास, एक करमणुकीस आणि एक विश्रांतीस द्यावा, ही घोषणा इंग्लंडमध्ये रॉबर्ट ओवेन ह्याने १८१७ च्या सुमारास केली असे मानतात. ती घोषणा कोणा सुखवस्तू गृहस्थाच्या दिनचर्येसाठी नव्हती. गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबणाऱ्या माणसांसाठी होती. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. त्यानंतर कायद्याने कारखान्यांतील आठवड्याच्या कामास १९२२ साली ६० तासांची, १९३४ साली बारमाही कारखान्यांपुरती ५४ तासांची आणि १९४८ च्या कायद्याने ४८ तासांची मर्यादा घातली.

म्हणजे समतोल हा प्रथम एक हक्क म्हणून मागितला गेला. दुसऱ्याने माणसाचे सारे आयुष्य ओढून घेऊ नये म्हणून घातलेले ते कुंपण होय. ह्या कुंपणाचे मोल जितके मानावे तितके थोडेच. ते काढून टाकण्याची भाषा जो कोणी करील त्याच्या हेतूविषयी सावध असलेले बरे. परंतु कुंपण शेताचे रक्षण करते, शेतात काय पेरावे हे सांगत नाही. जी गोष्ट संरक्षणासाठी निर्माण झाली तीच पुढे जीवनाचे साध्य होऊन बसली, आणि येथेच विचाराचा घोटाळा झाला. तो उलगडण्यास पुणे जिल्ह्याच्या उत्तर अंगाचे जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके चांगले साह्य करतात. एका बाजूस सह्याद्रीचा माथा, दुसऱ्या बाजूस कोरडे माळ व कालव्यांचे मळे, आणि मधे दोन हजार वर्षांची वस्ती असलेला हा मुलूख आहे.

जुन्नरच्या सभोवतालच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांचे अनेक समूह आहेत. शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री ह्या सर्वांतील लहानमोठी लेणी मोजली तर संख्या दोनशेच्या आसपास जाते. ही सारी खोदाई ज्या धर्माच्या छायेत झाली त्याच्या पहिल्या उपदेशातच मध्यम मार्ग सांगितलेला आहे. भोगात लोळणे हे एक टोक, देहास छळणे हे दुसरे टोक; दोन्ही टाकावीत. समतोल जीवनाचा पुरस्कार करणारे हे वचन हमखास पुढे करतात. परंतु लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून विहाराच्या कोठड्यांत डोकावणाऱ्यास एक गोष्ट ताबडतोब जाणवते. एक माणूस कसाबसा निजेल एवढी ती जागा, आणि निजण्यास दगडी ओटा. येथे राहणाऱ्यांनी घर, व्यवसाय, द्रव्य आणि संतती ह्यांचा त्याग केलेला होता. संसार आणि संन्यास ह्यांच्यामधला अर्धा-अर्धा असा तो मार्ग नव्हताच. एका साध्यासाठी सर्व सोडल्यावर, त्या साध्याकडे नीट पोहोचता यावे म्हणून कसे चालावे, एवढ्यापुरते त्यातील ‘मध्यम’पण होते.

पाली वाङ्मयातील सोण कोळिविस ह्या भिक्षूची कथा ह्या बाबतीत बोलकी आहे. हा श्रीमंत घराण्यातील सुकुमार तरुण. भिक्षू झाल्यावर त्याने चंक्रमणाचा इतका अतिरेक केला की, पायांतून रक्त येऊ लागले; तरीही सिद्धी नाही, म्हणून घरी परत जाऊन दानधर्म करीत सुखाने राहावे असे त्याच्या मनात आले. बुद्धाने त्यास विचारले की, तू पूर्वी वीणा वाजवीत होतास, तेव्हा तारा फार ताणल्या तर वीणा वाजे काय? आणि फार सैल सोडल्या तर? दोन्ही प्रश्नांस सोणाने नकार दिला. कथा एवढीच सांगून पुष्कळजण थांबतात. तिचा उत्तरार्ध असा की, सोणाने आपल्या प्रयत्नाची तार बेताने लावली, तो अर्हत झाला, आणि पुढे उद्योगशील भिक्षूंमध्ये अग्रगण्य म्हणून त्याचेच नाव घेण्यात आले. तार जुळवायची ती राग वाजावा म्हणून. जुळवलेली वीणा खुंटीस टांगून ठेवणाऱ्याचा तोल कितीही अचूक असला तरी त्यास वादक म्हणत नाहीत.

ह्याच गोष्टीचे अगदी अर्वाचीन प्रत्यंतर जुन्नर तालुक्यातच खोडद येथे पाहावयास मिळते. नारायणगावाजवळील ह्या गावी टाटा मूलभूत संशोधन संस्थेने प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे तिचे प्रमुख शिल्पकार. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; त्यांपैकी १४ मधल्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या टापूत, आणि उरलेल्या १६ तीन दिशांस पसरलेल्या, दूरच्या दोन टोकांत सुमारे २५ किलोमीटरांचे अंतर. २००१ साली तिचे रीतसर लोकार्पण झाले. दूरच्या तारकाविश्वांतून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी ती टिपते. म्हणूनच जेथे माणसाने निर्माण केलेला रेडिओगोंगाट कमी आहे अशी जागा तिच्यासाठी निवडण्यात आली.

ह्यांतील प्रत्येक तबकडीचा लोखंडी सांगाडा कित्येक टन वजनाचा आहे. तो सहज वळावा म्हणून त्याच्या मागील बाजूस प्रतिभार जोडलेला असतो; त्यायोगे तबकडीचा तोल साधतो. परंतु तोल साधला म्हणून तबकडी सर्व दिशांस थोडे थोडे पाहत नाही. ती आकाशातील एका बिंदूवर रोखली जाते आणि पृथ्वी फिरत असता तासन् तास त्याच बिंदूचा माग घेते. वारा फार वाढला म्हणजे तिचे तोंड सरळ वर करून तिला स्थिर ठेवतात. तोल, विसावा आणि एकाग्रता ह्यांचा परस्परसंबंध इतक्या स्पष्टपणे दाखविणारी वस्तू दुसरी क्वचितच असेल. तोल आहे म्हणून एकाग्रता टिकते. वादळात विसावा आहे म्हणून यंत्र मोडत नाही. पण दोन्ही कशासाठी, तर पाहण्यासाठी. ज्यास कोठे पाहावयाचे हेच ठरविता आले नाही, त्याने प्रतिभार कितीही नेमका बसविला तरी आकाश त्यास काही सांगणार नाही.

समतोलाच्या आधुनिक कल्पनेतील पहिला दोष हा की, तिने साधनास साध्य मानले. दुसरा दोष कालमापनाचा आहे. ही कल्पना घड्याळाच्या युगात वाढली असल्याने तिचा हिशेब दिवसाचा, फार तर आठवड्याचा असतो. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकर आणि आहुपे ह्यांच्या डोंगरपट्ट्यात, तसेच जुन्नरच्या पश्चिम खोऱ्यांत राहणाऱ्या महादेव कोळी व ठाकर शेतकऱ्यांचा हिशेब निराळा आहे. उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून राब भाजावयाचे. मृगाचा पाऊस लागला म्हणजे त्या जागी भाताचे रोप टाकावयाचे. आणि आषाढाच्या सुमारास खाचरांत पाणी तुंबले की आवणी सुरू व्हावयाची. आवणीच्या त्या दिवसांत समतोल हा शब्द उच्चारणेही चमत्कारिक वाटेल. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरले घेऊन, वाकलेल्या पाठीने घरातील सर्वजण सकाळपासून अंधार पडेपर्यंत रोप लावीत असतात. पाऊस आणि रोपाचे वय ह्या दोन्ही गोष्टी कोणासाठी थांबत नाहीत. आठ दिवस गेले तर वर्ष जाते.

तथापि ते आयुष्य असमतोल आहे असे म्हणता येत नाही. आवणी सरली म्हणजे श्रावण येतो. कापणी-मळणी उरकली म्हणजे सोयरिकी, लग्ने, पाहुणे आणि पुढे जत्रा येतात. चैत्र-वैशाखात झाडांवरून हिरडा उतरवून वाळविण्याचे काम असते, आणि रोख पैशासाठी पुष्कळ कुटुंबांची भिस्त त्याच्यावर असते. ह्या जमाखर्चातही तूट येते. जून २०२० मध्ये आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने ह्या भागातील हिरड्याची मोठी हानी केली. कोणी ह्या कष्टांचे कौतुक करून ते गोड ठरवू नये. परंतु एवढे मात्र त्यांपासून शिकता येते की, तोल पाहावयाचा तो पुऱ्या वर्षाचा पाहावा. परीक्षेच्या महिन्यात विद्यार्थी, तान्ह्या मुलाची आई, प्रबंध लिहिणारा संशोधक, आजाऱ्याच्या उशाशी बसलेला मुलगा, हे सारे आपापल्या आवणीत असतात. त्या काळात त्यांस दिनक्रमाचा सारखेपणा शिकविणे म्हणजे ऐन पावसात खाचर सोडून झाडाखाली बसण्यास सांगणे होय. त्यांस विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे : ही आवणी संपणार केव्हा, आणि तिच्यामागून श्रावण येणार की नाही? ज्या नोकरीत बारा महिने आवणीच असते, तेथे दोष माणसाच्या वेळापत्रकाचा नसून त्या नोकरीचा आहे.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा. तोल हा ज्याचा त्याने आपल्यापुरता साधावयाचा, असे आजची कल्पना गृहीत धरते. नारायणगावाने महाराष्ट्रास जे दिले ते आठवले म्हणजे ह्या गृहीताची अपूर्णता दिसते. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. फाल्गुन-चैत्रात येथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात, आणि गावोगावचे पंच येऊन आपल्या जत्रेची सुपारी देतात. येथील भाऊ-बापू नारायणगावकरांच्या फडात विठाबाई (१९३५–२००२) लहानाच्या मोठ्या झाल्या आणि त्यांनी अर्धशतकभर महाराष्ट्राचा रंगमंच गाजविला. गरोदरपणाचे दिवस भरत आले असता त्या फडावर उभ्या राहिल्या, वेणा सुरू होताच तंबूमागे गेल्या, बाळंत झाल्यावर दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचण्यास बाहेर आल्या, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे.

समतोलाच्या उपासकास ही हकिकत ऐकून शहारे येतील, आणि ते योग्यच आहे. परंतु समर्पणाच्या भक्ताने ती ऐकून टाळ्या वाजविल्या तर तेही तितकेच उथळ ठरेल. कारण त्या प्रसंगी विठाबाईंपुढे कलेची निष्ठा होती तसाच फडाचा प्रपंचही होता. खेळ मोडला तर सुपारी बुडणार आणि अनेक पोटे उपाशी राहणार, हे प्रत्येक फडातील माणसास ठाऊक असते. त्या स्त्रीने सर्वस्व दिले. राष्ट्रपतींकडून गौरवही झाला. पण अखेरचे दिवस आर्थिक हलाखीत गेले. महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील ज्येष्ठ कलावंतांस जीवनगौरव पुरस्कार देते, तो त्यांच्या मृत्यूनंतर सुरू झालेला. तेव्हा येथे बिघडलेला तोल विठाबाईंच्या दिनक्रमातील नव्हे. एका पारड्यात त्यांचे आयुष्य पडले होते आणि दुसऱ्या पारड्यात समाजाने पुरेसे काही घातले नाही, हा तो बिघाड.

लेण्यांतील शिलालेखांची आठवण येथे उपयोगी पडते. भिक्षूंनी सर्वसंगपरित्याग केला, परंतु त्यांची कोठडी आणि पाण्याची पोढी दुसऱ्याने खोदविली. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त ह्याचे नाव दाता म्हणून कोरलेले आहे. जुन्नरच्या इतर लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात कोठड्यांचे लेणे व पोढी दिल्याची नोंद आहे. कासारांच्या व बुरुडांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. यवनांचीही नावे आहेत. हे व्यापारी अर्धे भिक्षू आणि अर्धे वाणी झाले नाहीत. नाणेघाटातून माल नेणारा व्यापारी पुरता व्यापारी राहिला, भिक्षू पुरता भिक्षू राहिला, आणि तोल साधला तो दोघांच्या देवघेवीत. एकाग्र माणसास जगविण्याची जबाबदारी भोवतालच्या लोकांनी उचलली म्हणजे त्याची एकाग्रता आत्मनाश ठरत नाही.

ज्यांस निवड करण्याची मुभाच नाही त्यांच्याकडे पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक धारदार होतो. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ह्या धरणांनी जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागाचे व खालच्या तालुक्यांचे रूप पालटले. ऊस आला, भाजीपाला आला, हाती पैसा आला. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मात्र मूळ आंबेगाव बुडाले. आज तालुक्याचे नाव आंबेगाव आहे आणि कचेरी घोडेगावास आहे. उसाच्या दाट फडांत बिबट्यांनी घर केले, आणि माणिकडोह येथे पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागत आहे. शेतीपंपांची वीज मात्र पाळीपाळीने, कित्येक दिवस रात्रीची, मिळत आली. ऐन थंडीत मध्यरात्री हाती विजेरी व काठी घेऊन उसास पाणी देण्यास निघालेल्या शेतकऱ्यास कामाचा आणि घरचा तोल साधावयास सांगणे हास्यास्पद आहे. त्याची झोप ज्या वेळापत्रकाने मोडली ते त्याने आखलेले नाही. दिवसा वीज द्या, ही त्याची मागणी म्हणजे लोखंड्यांच्या रविवारचाच दुसरा अवतार होय.

शहरातील सुशिक्षित घरासही हा न्याय लागू पडतो. सायंकाळी वेळेवर घरी येऊन शतपावली, वाचन आणि मुलांशी गप्पा अशी नेटकी दिनचर्या पाळणाऱ्या गृहस्थाने एकदा मोजून पाहावे की, ही घडी बसविण्यासाठी किती जणांची घडी विस्कटली. गरम पोळी पानात पडावी म्हणून पत्नी सर्वांत शेवटी जेवते. भांडी घासणारी बाई आपले मूल शेजारणीकडे सोपवून आलेली असते. बाजारातील स्वस्त टोमॅटो नारायणगावच्या मंडईत रात्रीच्या जागरणाने भरला गेलेला असतो. एका माणसाच्या जीवनात दिसणारी समता कित्येकदा दुसऱ्या चौघांच्या ओढाताणीवर उभी असते. अशा समतेस सद्गुण म्हणणे म्हणजे केवळ आपल्याच बाजूचे पारडे पाहून माप खरे ठरविणे होय.

ह्यावरून समतोलाचा शोध सोडून द्यावा असे निष्पन्न होत नाही. प्रकृती सांभाळावी, झोप पुरी घ्यावी, सुटीचा हक्क बजावावा. ही सर्व कुंपणे मजबूत असलीच पाहिजेत, आणि ज्यांस ती लाभलेली नाहीत त्यांस मिळवून दिली पाहिजेत. मात्र तोल हेच जीवनाचे अंतिम साध्य, हा समज टाकून द्यावा. वेळेचे वाटे सारखे पडले की नाहीत, हा प्रश्न काही काळ बाजूस ठेवून घरातील माणसांनी एकमेकांस तीन प्रश्न विचारावेत. हे तारा जुळविणे कोणत्या सुरासाठी चालले आहे? सध्याची ओढाताण ही मोसमाची आहे, की बारमाही? आणि घरातील एकाचा तोल राहावा म्हणून दुसरा कोण वाकला आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने शोधावयाचे आहे. ते सापडण्यास वर्षे लागली तरी हरकत नाही. दुसऱ्याचे उत्तर दिनदर्शिका पाहून देता येईल. तिसऱ्याचे उत्तर मात्र आज रात्री पाने वाढली जातील तेव्हाच मिळण्यासारखे आहे, आणि ते मिळताच एखाद्याने उठून वाढप आपल्या हाती घेतले तर त्या घराचा तोल तेवढ्यापुरता का होईना, खराखुरा सुधारेल.